ताईच्या बहिणीचं वळण

गाड्यांच्या शर्यतीच्या आमच्या सर्किटला पन्नास वर्षं होणार म्हणून त्याचा इतिहास लिहायला कंपनीने एक माणूस पाठवला. गेटपाशी माझं ऑफिस आहे. त्याच्या खिडकीत वाकून त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई कुठे भेटतील?"

मी नुकतीच ट्रॅक फिरून आले होते. हातात खराटा, बुटांच्या तळाला खडी. रोज सकाळी मी सगळा ट्रॅक पायी चालते. कुठे तडा गेलाय, कुठे ऑइल सांडलंय, कुठे कडेची माती रस्त्यावर आलीय ते बघते आणि तिथल्या तिथे निस्तरते. ह्या डांबराचा इंच न् इंच माझ्या ओळखीचा आहे. मला विचारलं असतं तर त्या माणसाला बसवून, चहा पाजून, पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं असतं. पण त्याला ताई हवी होती. सगळ्यांना ताईच हवी असते.

"गावात तिची गाडी शिकवायची शाळा आहे. तिथे असेल," मी म्हटलं.

"आणि आपण?"

"मी तिची बहीण."

"अच्छा, ताईंची बहीण," असं म्हणून तो खूश झाला आणि निघून गेला. माझ्याकडे विचारण्यासारखं काही असेल असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

हे 'ताईची बहीण' प्रकरण माझ्या पाचवीला पुजलेलं आहे. ताई माझी सख्खी थोरली बहीण. तिला ताई म्हणायचा हक्क खरं तर ह्या जगात माझ्या एकटीचा. पण टायरवाला तिला ताई म्हणतो, वाहतुकीचा हवालदार ताई म्हणतो, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला बँकेचा मॅनेजरही ताई म्हणतो, कारण त्याला गाडी तिनेच शिकवली. ज्या बाईच्या हातून गाडी रस्त्यावर राहायची नाही ती लोकांना गाडी शिकवते, आणि लोक शिकतात. मला मात्र कोणी काहीच म्हणत नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरकडच्या आत्यांनी विचारलं होतं, "मुलगी कोण म्हणालात? ताईची बहीण का? मग काही बघायला नको." आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईकं त्यांना 'ताईच्या बहिणीचे मिस्टर' म्हणून ओळखतात. त्यांना त्याची गंमत वाटते. मला वाटत नाही.

तर इतिहास. तो आता मीच सांगते.

इथे आधी दगडाची खाण होती. खाणीभोवती ट्रकचा एक गोल रस्ता होता. एका अंगाने रिकामा ट्रक उतरायचा, खाली भरायचा आणि दुसऱ्या अंगाने चढून बाहेर पडायचा. आमचे बाबा त्या खाणीवर मेकॅनिक. पुढे खाणीला पाणी लागलं. उपसून उपसेना, तेव्हा मालकाने गाशा गुंडाळला. मधे तळं झालं आणि भोवती रस्ता उरला. ट्रकवाल्यांना हाताला काम नव्हतं आणि डोक्यात किडे भरपूर होते. कोणाचा ट्रक आधी फेरी मारून येतो ह्याची चुरस लागली. एक-दोन ट्रक उलथल्यावर बाबा मधे पडले. त्यांनी ट्रक बंद करायला लावले आणि भंगारातल्या जीपचं इंजिन घेऊन स्वतः एक गाडी बांधली. लाल, बुटकी, दोन सीटची. ती बघून दुसऱ्यांनीही बांधल्या. मग डांबर पडलं, कडेला जुने टायर रचले गेले, आई स्टॉपवॉच घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसायला लागली आणि बघायला माणसं यायला लागली.

वळणांना नावं द्यायची पद्धत मात्र ट्रकच्या काळातली. आठ वळणं आहेत. ज्या वळणावर ज्याची गाडी सगळ्यात आधी रस्ता सोडून जाईल, त्याचं नाव त्या वळणाला. अटी दोनच. गाडीतून आपल्या पायांनी चालत यायचं, आणि त्याच वळणावर चारचौघांसमोर उभं राहून आपलं नेमकं काय चुकलं ते सांगायचं. मुद्दाम गेलेला धरत नाहीत. खाणीत ह्याला अर्थ होता. एकाची चूक सगळ्यांनी ऐकली की पुढचे ट्रक वाचायचे. चूक सांगताना झेंडेकाका समोर उभे राहतात. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी झेंडा दाखवायचं त्यांचं काम होतं. खाण गेली, त्यांनी झेंडा खाली ठेवला नाही. शर्यतीतही तेच झेंडा दाखवतात, आणि चूक खरी की बनवलेली हेही तेच ठरवतात. त्यांच्या पुढे आजवर कोणाची थाप टिकलेली नाही, असं निदान लोक मानतात.

पहिलं वळण दाढीवाला नावाच्या ट्रकवाल्याचं. तिसरं दूधवाला, त्याने डबे उतरवायचे विसरून चाचणीला गाडी आणली होती. चौथं मास्तर. सातवं वकील, आणि वकिलाने चूक कबूल करायला इतका वेळ घेतला की पुढची शर्यत रद्द करावी लागली. दुसरं, पाचवं आणि सहावं, ही तिन्ही ताईची.

ओळखू यावीत म्हणून लोक त्यांना वरची ताई, मधली ताई आणि पाण्याकडची ताई म्हणतात. दर शर्यतीला मला लाउडस्पीकरवर ऐकावं लागतं, "निळी गाडी वरच्या ताईतून सुटली, मधल्या ताईवर थोडी अडखळली, आता पाण्याकडच्या ताईला काय करते बघू." माझ्या अंगाचा तिळपापड होतो. खराट्याची काठी हातात घट्ट धरून मी उभी राहते.

कारण मी एकदाही बाहेर गेले नाही. एकदाही म्हणजे एकदाही नाही. जितकी वर्षं मी शर्यतीत उतरले तितकी वर्षं माझी चाकं डांबरावर राहिली. आमच्या घरी कपाटावर कप ठेवायला जागा नाही, काही कप पलंगाखाली आहेत, एकात हे पेनं ठेवतात. पण बिनचूक माणसाची आठवण कोण ठेवतं? पेपरात एक ओळ यायची, 'नेहमीप्रमाणे पहिली'. आणि ताईचा अर्धा पानभर फोटो, गाडी आडवी, ताई उभी.

ताईची सांगायची तऱ्हाही होती. वरच्या वळणावरून ती चिखलाने माखून आली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "आत मधमाशी शिरली होती. मी तिला म्हटलं, बाई, तू तरी उतर नाहीतर मी तरी उतरते." लोक हसून लोळले. तळ्यात गेली तेव्हा बूट हातात घेऊन पाण्यातून बाहेर आली, म्हणाली, "गाडीला तहान लागली होती, नाही म्हणवेना." ती वाक्यं गावात अजून लोक एकमेकांना ऐकवतात. त्या तिन्ही शर्यती मी जिंकल्या होत्या. आमच्या दोघींच्या आईलासुद्धा हे सांगितल्याशिवाय आठवायचं नाही.

राहिलं आठवं वळण. मोठं, पसरट, सावकाश डावीकडे जाणारं, शेवटच्या सरळ रस्त्याच्या तोंडाशी. तिथून बाहेर जायला ड्रायव्हरला डुलकी लागायला हवी. इतक्या वर्षांत तिथे कोणीच गेलं नाही, म्हणून त्याला नाव नाही.

बाबांच्या माघारी सर्किट कंपनीकडे गेलं. कंपनीने ठरवलं की सुवर्णमहोत्सवाच्या रविवारनंतर सगळी नावं नकाशावर पक्की होणार, वळणावळणावर लोखंडी पाट्या लागणार, आणि आठव्याला एका बॅटरी बनवणाऱ्यांचं नाव लागणार. झेंडेकाका भांडले. रविवारपर्यंत तिथे कोणी पडलं तर नाव त्याचं, नाहीतर खुशाल बॅटरी लावा, एवढं त्यांनी मान्य करून घेतलं.

मला ते वळण हवं होतं. आडून आडून कशाला सांगू. मला हवं होतं, आणि ताईला न मिळालेलं म्हणून जास्तच हवं होतं. दाढीवाल्याचं नाव लागतं, दूधवाल्याचं लागतं, ज्याने हे सगळं आयुष्यभर झाडलं, पुसलं, जपलं त्याचं लागत नाही. आता बॅटरीचं लागणार. बॅटरीने इथे काय केलंय? रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच घोळायला लागलं.

महोत्सवात जुन्या गाड्यांची एक फेरी व्हायची होती. सगळ्यात पुढे बाबांची लाल गाडी, तिच्यात आम्ही दोघी बहिणी. कंपनीच्या कागदावर 'चालक : ताई' असं आधीच छापून आलं होतं. पण ताईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, तिला क्लच दाबता येईना. ती म्हणाली, "तू चालव. मी बाजूला बसून हात करते." त्या गुडघ्याचे मी मनातल्या मनात आभार मानले. सख्ख्या बहिणीच्या दुखऱ्या गुडघ्याचे आभार मानणारी बाई कशी असते, तर अशी असते.

आता चूक करायची म्हणजे तयारी हवी. ताई शेजारी बसणार, तिला काही होऊन चालणार नव्हतं. मी आठव्या वळणाच्या बाहेरचं गवत कापून काढलं. त्यातले दगड वेचले. एक खड्डा होता तो मातीने बुजवून वर पाणी मारलं, धुमसाने ठोकून घट्ट केला. गटाराच्या झाकणावर ओळीने टायर रचले. एवढी सुरक्षित जागा अख्ख्या सर्किटवर दुसरी नव्हती.

हे दुकानातून जेवायला आले तेव्हा मी तिथेच होते. कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "काय गं, सकाळपासून एकाच जागचं गवत कापतेयस?"

"पाहुणे येणार आहेत."

"गवतात?"

"तुम्ही जेवून घ्या," मी म्हटलं.

चूक काय सांगायची तेही ठरवून ठेवलं होतं. जुन्या गाडीत तिसरा आणि पहिला गिअर शेजारीशेजारी. 'तिसऱ्याऐवजी पहिला पडला, गाडीने झटका खाल्ला आणि सरळ निघून गेली.' साधी, घडण्यासारखी चूक. मी आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिली. ताईसारखी गंमत त्यात येत नव्हती, पण माझ्या चुकीत गंमत असायलाच हवी असं कुठे होतं?

रविवारी कुंपणाला माणसं चिकटून उभी होती. आम्ही जुनी हेल्मेटं घातली, डोळ्यांवर जुने मोठे गॉगल. कोण कोणती हे आईलाही कळलं नसतं. गाडी निघाली आणि कुंपणाकडून एकच गजर सुरू झाला, "ताई, ताई." ती दोन्ही हात वर करून हलवायला लागली.

"जरा हळू घे ना. लोकांना नीट बघू दे," ती म्हणाली.

"गाडी आहे ही, पालखी नाही."

"अगं, एक दिवस. तुला काय लगेच कप मिळायचाय?"

वरच्या ताईवर पोरांनी मोठ्या मधमाशीचं चित्र काढून बांधलं होतं. मधल्या ताईवर गाणं लावलेलं. पाण्याकडच्या ताईवर एक जण कागदाची होडी डोक्यावर घेऊन नाचत होता. ताई प्रत्येक ठिकाणी उठून उभी राहायला बघायची आणि मी तिला ओढून खाली बसवायची. माझ्या पोटात असं काही जळत होतं की इंजिनाची गरज वाटेना. मी गाडी इतकी नीट चालवत होते, प्रत्येक वळण जसं घ्यायला हवं तसं घेत होते, आणि एका माणसाची नजर माझ्या हातांकडे नव्हती.

वकिलाचं वळण मागे पडलं. समोर आठवं. मी ताईचा पट्टा बघितला, घट्ट होता. मग स्टिअरिंग न वळवायचं एवढंच काम उरलं. ते किती अवघड असतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. हात आपोआप डावीकडे जायला लागले. इतक्या वर्षांची सवय, हात माझं ऐकेनात. मी त्यांना धरून ठेवलं. रस्ता डावीकडे गेला आणि आम्ही सरळ गेलो. गवतावर थोडं खडखडलं, गाडी टायरांना हलकेच टेकली आणि उभी राहिली. पेल्यातलं पाणी सांडलं नसतं.

ताईने गॉगल वर केला. माझ्याकडे बघितलं. मग कापलेल्या गवताकडे.

तेवढ्यात लाउडस्पीकर ओरडला, "आणि आठव्यावर कोण गेलं? आपली ताई. आणखी कोण जाणार? चौथी ताई, मंडळी, चौथी ताई."

कुंपणाकडून जो काही कल्लोळ उठला तो मी विसरणार नाही. टोप्या उडाल्या. लोक रस्त्यावर धावत आले. कंपनीचा रंगारी पाटीचा पत्रा आणि ब्रश घेऊन पळत निघाला. इतिहास लिहिणारा फोटो काढायला लागला, ताईचे. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली, हात अजून स्टिअरिंगवर, आणि सगळे मला वळसा घालून तिच्याकडे. मला वाटलं तिथल्या तिथे गाडी मागे घ्यावी आणि दोन-चार जणांच्या पायांवरून न्यावी.

ताई लंगडत खाली उतरली. कोणीतरी तिच्या हातात माइक दिला. ती म्हणाली, "अरे, मी नाही. गाडी हिच्या हातात होती."

लोक हसले. टाळ्या पडल्या. कागदावर 'चालक : ताई' छापलेलं होतं, मग स्टिअरिंगमागे कोण बसलंय ते बघतो कोण? "मोठं मन आहे बाईचं," कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "बहिणीच्या माथ्यावर मारते बघा, अशी थट्टेखोर." तिसऱ्याने तर सरळ सांगून टाकलं, "ती कुठे जाते बाहेर? ती कधी चुकली आहे का?"

आयुष्यभर बिनचूक राहिल्याचं मला मिळालं ते हे.

झेंडेकाका आले. वाकून गवतातल्या चाकाच्या खुणा बघितल्या. मग गाडीत डोकावले. मग माझ्याकडे.

"चूक जिची, ती सांगेल," ते म्हणाले. "बोल पोरी."

ताईने माइक माझ्यापुढे धरला. मी पाठ केलेलं म्हटलं. तिसऱ्याऐवजी पहिला पडला, गाडीने झटका खाल्ला.

काका शांतपणे म्हणाले, "गाडी अजून तिसऱ्यातच आहे."

मी खाली बघितलं. होती तिसऱ्यातच. वळण घेताना तिसरा टाकायचा असतो म्हणून मी टाकला होता. बाहेर जायचं होतं, तरी गिअर बरोबर टाकला होता.

"आणि खूण एकदम सरळ आहे," काका म्हणाले. "झटका खाल्लेली गाडी अशी जात नाही. गवतही कालच कापलेलं दिसतंय. खरं काय ते सांग. नाहीतर सांगू नकोस, बॅटरी तर आहेच."

माझ्याजवळ दुसरी चूक तयार नव्हती. चुका करायची सवय असती तर दहा सुचल्या असत्या. मी माइककडे बघत राहिले आणि मग जे होतं तेच तोंडातून आलं.

"माझं रस्त्याकडे लक्ष नव्हतं."

"मग कुठे होतं?"

"ताईकडे."

"का?"

"नेहमीच असतं," मी म्हटलं. "मी लहानपणापासून तिच्याकडेच बघत आले. तिला काय मिळतंय ते. आजपण तेच बघत होते. वळण आलं आणि मला ते घ्यावंसं वाटलं नाही."

कोणी हसलं नाही. लाउडस्पीकरवालाही नाही. झेंडेकाकांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणणार, मुद्दाम गेलीस, धरत नाही. ते मुळात कमी बोलणारे. त्यांनी झेंड्याची काठी एकदा जमिनीवर टेकली आणि रंगाऱ्याला म्हणाले, "रस्ता सोडून दुसरीकडे बघणं ही चूकच आहे. लिही."

"काय लिहू?" रंगाऱ्याने विचारलं. "ताईची बहीण?"

ताई तोंड उघडणार एवढ्यात मी म्हटलं, "धाकटी."

त्याने लिहिलं. बॅटरीवाल्यांचा माणूस हिरमुसून जेवायला गेला. मी त्या पत्र्याकडे बघत उभी राहिले आणि मला फार, फार बरं वाटलं. धाकटी म्हटलं की थोरली कोण हा प्रश्न येतोच, हे घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी ताईकडे गेले. आम्ही सर्किटच्या कुंपणालगत एकाच घरात राहतो, ती खाली, मी वर. ती खुर्चीवर पाय टाकून बसली होती, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मला वाटलं होतं आता खरडपट्टी काढणार. गुडघा, ऑपरेशन, अक्कल, सगळं काढणार. मी आधीच तोंड फुगवून बसले.

"गवत तू कापलंस," ती म्हणाली.

"हो."

"दगडही वेचलेस."

"तू शेजारी होतीस. तुला लागायला नको."

"तेवढी काळजी आहे म्हणजे," ती म्हणाली आणि पिशवी सरळ केली. "माझ्याकडे बघत होतीस म्हणालीस, ते खरं?"

"खरं."

बाहेर कंपनीची माणसं तंबू उतरवत होती, लोखंडी खांब आपटल्याचे आवाज येत होते.

"मी लोकांना जे सांगितलं ना," ती म्हणाली, "तिन्ही वेळा, ते रचलेलं होतं. माशी नव्हती आणि काही नव्हतं. मी आरशात बघत होते."

"आरशात काय?"

"तू. तू मागून यायचीस. डुलत नाही, घसरत नाही, नुसती जवळ येत जायचीस. आरशात तुझी गाडी मोठी मोठी होत जायची आणि मला तिच्यावरून नजर काढता यायची नाही. पोटात आग पडायची. धाकटी असून हिला कसं जमतं, मला का नाही, एवढंच डोक्यात. वर मान केली की रस्ता संपलेला असायचा. मग काय सांगणार सगळ्यांना? धाकट्या बहिणीवर जळत होते म्हणून पडले? लोकांना हसवलं, सुटले. झेंडेकाकाही हसले, म्हणून बचावले. तू आज सरळ सांगून मोकळी झालीस. मला ते तेव्हा जमलं नाही."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

दुसऱ्या एखाद्या चांगल्या बाईने उठून बहिणीला मिठी मारली असती. माझेही डोळे भरून आले, नाही म्हणत नाही. पण त्याआधी माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला, आणि तो तोंडावाटे बाहेरही पडला.

"म्हणजे वरची, मधली आणि पाण्याकडची, तिन्ही माझ्यामुळे पडली."

"म्हणूनच आजवर सांगितलं नव्हतं," ताई म्हणाली.

"मग आता सांग. तो इतिहासवाला उद्या सकाळी येणार आहे तुझ्याकडे. त्याला सांग."

"मेले तरी नाही," ताई म्हणाली, आणि बर्फाची पिशवी माझ्या हातात देऊन भरून आणायला लावली.

ती सांगणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ती पिशवी भरता भरताच मी ठरवलं, आपण सांगायचं. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं.